आमचा पहिला रेंजफाइंडर कॅमेरा

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी मधल्या सुटींत शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन घुटमळूं लागला. विचारपूस केली असतां त्यानें खिशांतून घडी घातलेला कागद काढून आमच्यापुढें ठेविला. त्यावर तीन कॅमेऱ्यांचीं नांवें, त्यांच्या भिंगांचे आंकडे व किमती लिहिल्या होत्या, आणि तळाशीं "आजोबांनीं दिलेले पैसे" असें लिहून त्याखालीं दोन रेघा ओढिल्या होत्या. त्याला फिल्मवर चालणारा, रेंजफाइंडर जातीचा कॅमेरा घ्यावयाचा होता. पैसे एकदांच मिळाले होते. चूक झाल्यास पुन्हां मिळणार नव्हते. "सर, यांतला कोणता घेऊं?" या त्याच्या प्रश्नास आम्हांस चटकन् उत्तर देतां येईना. कारण असाच एक कागद आम्हींही एकदां केला होता, व त्यावरील आमचा हिशोब साफ चुकला होता. तो कसा चुकला हें सांगितल्यावांचून त्याला सल्ला देणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटलें नाहीं. त्याला जें सांगितलें तेंच इतर विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्याही उपयोगीं पडेल म्हणून येथें लिहीत आहों.

कॅमेरा तर प्रत्येकाच्या मोबाईलमध्यें आहे, मग हा खटाटोप कशासाठीं, असें पालक विचारतील. त्यांचें म्हणणें खोटें नाहीं, आणि पुढें आमच्याच हकीकतींत तें आमच्यावर उलटणार आहे. तूर्त इतकेंच सांगतों कीं, रिळांत छत्तीसच चित्रें आहेत हें ठाऊक असलें म्हणजे माणूस आधीं नीट पाहतो व मग कळ दाबतो. आणि ज्याला पाहण्याची गोडी लागली त्याचा खर्च अगदींच वायां गेला असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां हा कॅमेरा म्हणजे काय तें पाहूं. भिंगाच्या वरच्या अंगास एक लहान खिडकी असते. तींतून आपण दृश्य पाहतों. तिच्यापासून कांहीं अंतरावर दुसरी खिडकी असते. या दुसऱ्या खिडकींतून आलेली प्रतिमा आंतील आरशांवरून वळून पहिलींत येऊन पडते. म्हणून दृश्याच्या मध्यभागीं प्रत्येक वस्तु दोनदां दिसते. भिंगाचें कडें फिरवूं लागलें कीं एक प्रतिमा दुसरीकडे सरकते, आणि दोन्ही मिळून एक झाल्या म्हणजे भिंग त्या वस्तूवर बरोबर रोखलें गेलें असें समजावें. नदी न ओलांडतां तिच्या पात्राची रुंदी काढण्याचें उदाहरण भूमितीच्या तासाला सर्वांनीं सोडविलें आहे. तीच ही युक्ति. दोन खिडक्यांमधील अंतर हा त्या त्रिकोणाचा पाया. पाया जितका लांब, तितकें मोजमाप अचूक. हें वाक्य विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें; आम्हीं तें खरेदीच्या वेळीं ठेविलें नाहीं.

या जातीच्या कॅमेऱ्यांत लायकाचें नांव सर्वांत मोठें. जर्मनींतील वेट्झलार येथील लाइट्झच्या कारखान्यांत ऑस्कर बार्नाक या कारागिरानें सिनेमाच्या फिल्मवर चालणारा हा लहानसा कॅमेरा सिद्ध केला. १९२५ सालीं तो लोकांपुढें आला, आणि १९३२ सालीं भिंगाशीं जोडलेला रेंजफाइंडर त्याच्या अंगांतच बसविण्यांत आला. त्याच्या आजच्या किमतीविषयीं शिक्षकानें न बोलणें बरें. परंतु लायकाची जी नक्कल रशियांत व युक्रेनमध्यें झाली, तिची कथा शाळेच्या मासिकांत सांगण्यासारखी आहे. यादवी युद्ध व दुष्काळ यांमुळें तेथें असंख्य मुलें अनाथ होऊन रस्त्यावर आलीं होतीं. अशा मुलांकरितां १९२७ च्या अखेरीस खार्कोव्ह शहराजवळ एक वसाहत निघाली, व तिचे चालक होते आंतोन माकारेंको नांवाचे एक शिक्षक. मुलांनीं अर्धा दिवस शाळा शिकावी व अर्धा दिवस कारखान्यांत काम करावें, असा त्यांचा क्रम होता. आधीं या मुलांनीं विजेवर चालणारीं भोंकें पाडण्याचीं यंत्रें केलीं. नंतर लायका उघडून, तिचा प्रत्येक भाग मोजून, तशाच कॅमेऱ्याची घडण आरंभिली, आणि १९३४ पासून तो कॅमेरा विक्रीकरितां बाहेर पडूं लागला. त्याचें नांव फेड. ज्याच्या नांवें वसाहत होती त्या फेलिक्स एद्मुंदोविच जेर्झिन्स्कीच्या नांवाचीं हीं आद्याक्षरें. हा गृहस्थ सोविएत गुप्त पोलिसांचा पहिला प्रमुख. त्याच्या हाताखालीं किती घरें उजाड झालीं त्याची मोजदाद नाहीं. अनाथांच्या कष्टांवर असें नांव कोरलेलें पाहून आमचें मन आजही अडखळतें. तथापि ज्यांस कोणी भाकरी देत नव्हतें त्या मुलांनीं इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत काटेकोर काम केलें, हें खरेंच आहे, व शिक्षकास तें विसरतां येत नाहीं.

महायुद्धानंतर, १९४८ सालीं, मॉस्कोजवळील क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यानें फेडवरून दुसरा कॅमेरा काढला. त्याचें नांव झोर्की, म्हणजे तीक्ष्ण दृष्टीचा. या नांवाचा विनोद आम्हांस पुढें कळला.

आमच्या मंडळींत एक वृद्ध नर्सबाई होत्या. त्यांचें सारें आयुष्य मिशनच्या दवाखान्यांत गेलें. गांवांतील निम्मीं माणसें त्यांच्या हातांवर जन्मलीं, व त्यांत आम्हीही. २०१७ च्या पावसाळ्यांत मंदिरांतील जुनीं कागदपत्रें आवरतांना आम्हांस एका इंग्रजी अहवालांत दवाखान्याचें समूहचित्र सांपडलें. खुर्च्यांवर बसलेल्या डॉक्टरांचीं व मडमांचीं नांवें खालीं क्रमवार छापलीं होतीं. मागें उभ्या असलेल्या नऊ जणींस मिळून "परिचारिका" एवढा एकच शब्द होता. तें चित्र आम्हीं त्यांस नेऊन दाखविलें. त्यांनीं तें डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिलें, व तिसऱ्या आकृतीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही मी. अरे बाळा, माझा एकटीचा फोटो कधीं कोणी काढलाच नाहीं."

"मी काढतों, मावशी," आम्ही म्हणालों.

"काढशील तर कागदावर काढून हातांत दे. त्या मोबाईलच्या कांचेंत मला कांहीं दिसत नाहीं."

अशा रीतीनें कॅमेरा घेण्याची आमची पुष्कळ दिवसांची हौस आतां कर्तव्याचा झगा घालून उभी राहिली. हौसेला असें सोंग मिळालें म्हणजे ती फार निर्भय होते. मावशींची खोली उत्तरेकडील एकाच खिडकीची व अंधुक. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असल्यानें डोळ्यांवर झगझगीत फ्लॅश टाकणें नको. म्हणून भिंग मोठ्या छिद्राचें, म्हणजे थोड्या प्रकाशांत काम करणारें, हवें असें आम्हीं ठरविलें. येथपर्यंत विचार बरोबर होता.

आमच्यापाशीं बारा हजार रुपये होते. त्यांत तीन वाटा दिसत होत्या. जपानी याशिका इलेक्ट्रो ३५ किंवा कॅनोनेट घ्यावा, तर त्यांचें भिंग एफ् १.७ चें, उत्तम. पण तें कायमचें बसविलेलें, बदलतां येत नाहीं. फेड-२ घ्यावा, तर त्याजबरोबर मिळणारें इंडुस्टार भिंग सोज्ज्वळ असलें तरी एफ् २.८ चें, म्हणजे झोर्कीच्या भिंगाच्या मानानें निम्माच प्रकाश घेणारें. आणि झोर्की-४ घ्यावा, तर त्यावर ज्युपिटर-८ हें एफ् २ चें भिंग; जर्मन झाइसच्या सोनार भिंगाच्या धर्तीवरचें, माणसांचे चेहरे मृदु काढणारें म्हणून नांवाजलेलें. शिवाय त्याचें मळसूत्र जुन्या लायकाच्याच मापाचें, एकोणचाळीस मिलिमीटरचें. म्हणजे पुढेंमागें दुसरीं भिंगेंही लावतां येतील! हें "पुढेंमागें" गरीब माणसाच्या खिशाला फार महाग पडतें. आम्हीं आजवर दुसरें भिंग विकत घेतलेलें नाहीं.

ऑक्टोबरांत मुंबईस जाऊन जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याकडून आम्हीं झोर्की घेतला. आम्हीं रेंजफाइंडर बरोबर आहे काय असें विचारतांच त्यानें आम्हांस दुकानाबाहेर नेलें व दूरच्या एका इमारतीचा कठडा पाहण्यास सांगितलें. दोन कठडे सरकत येऊन तंतोतंत एक झाले. आम्ही प्रसन्न झालों. घासाघीस करूनही साडेदहा हजार गेले. उरलेल्या पैशांत चारशें अंशाच्या काळ्या-पांढऱ्या फिल्मचें एक रीळ व परतीचें तिकीट एवढेंच बसलें. परीक्षेसाठीं दुसरें रीळ घ्यावें हें सुचलें. पण तें घेतलें नाहीं.

मावशींनीं त्या दिवशीं नेसण्यास ठेवणींतलें पांढरें लुगडें काढलें होतें. वेताच्या खुर्चींत त्यांस खिडकीशीं बसवून, भिंग पूर्ण उघडून, एक मीटरच्या अंतरावरून आम्हीं जवळजवळ सारें रीळ त्यांच्या चेहऱ्यावर खर्च केलें. प्रत्येक वेळीं डोळ्याच्या बाहुलीवरील दोन प्रतिमा एक करून मगच कळ दाबली. त्या मधून मधून दवाखान्यांतल्या गोष्टी सांगत होत्या. निघतांना त्या अंगणांत कोवळ्या उन्हांत येऊन पायरीवर बसल्या. रिळांत एक चित्र शिल्लक होतें. तें संपवावें म्हणून सहा मीटर अंतरावरून, छिद्र एफ् ११ पर्यंत बारीक करून, फारसा विचार न करितां आम्हीं तें काढलें. मोबाईल आमच्या खिशांत होता. त्यानें एकही चित्र काढलें नाहीं. खरा कॅमेरा हातीं असतां तें काढणें आम्हांस कमीपणाचें वाटलें.

पुढें सहामाहीच्या उत्तरपत्रिका आल्या, मग नाताळचें नाटक आलें. नाताळानंतर प्रयोगशाळेमागच्या खोलींत आम्हीं तें रीळ धुतलें. वाळल्यावर खिडकीशीं धरून भिंगानें पाहतों तों प्रत्येक चित्रांत वेताच्या खुर्चीच्या पाठीची वीण न् वीण मोजून घ्यावी इतकी स्पष्ट, आणि तिच्यापुढें मावशींचा चेहरा धुक्यांतल्यासारखा! तीक्ष्ण दृष्टीच्या त्या यंत्रानें खुर्ची पाहिली होती.

असें कां झालें याचा शोध घेण्यास आम्हीं जें केलें तें कोणाही विद्यार्थ्यास करितां येईल. झोर्कीचें मागचें झांकण पूर्ण निघून येतें. तें काढून, फिल्म जेथें सपाट बसते त्या दोन कडांवर चित्रकलेच्या तासाचा पारदर्शक कागद ताणून चिकटवावा. मग शटरचा वेग बी या अक्षरावर ठेवून कळ दाबून धरावी, म्हणजे पडदा उघडा राहतो व कागदावर समोरचें दृश्य उलटें दिसूं लागतें. भिंग पूर्ण उघडें ठेवावें. आतां टेबलावर शिवणकामाची फीत पसरून बरोबर एक मीटरवर पुस्तक उभें करावें, रेंजफाइंडरमध्यें त्याच्या कडेवर दोन प्रतिमा एक कराव्या, आणि कागदावर तीच कड स्पष्ट आहे काय हें पाहावें. आमच्या कॅमेऱ्यांत पुस्तक अस्पष्ट होतें; त्याच्या बारा सेंटिमीटर मागें ठेविलेली दौत स्पष्ट होती. पन्नास मिलिमीटरचें भिंग एफ् २ वर उघडलें असतां एक मीटर अंतरावर सगळी मिळून पांचएक सेंटिमीटर जाडीचीच जागा स्पष्ट उमटते. म्हणजे आमची चूक त्या जागेच्या दुपटीहून अधिक होती. आणि दूरचा कठडा? दूरचा मेळ बरोबर असूनही जवळचा चुकलेला असूं शकतो. दोहोंची जुळणी यंत्रांत निरनिराळी असते. व्यापाऱ्यानें जें दाखविलें तें खोटें नव्हतें. जें पाहावयास हवें होतें तें आम्हीं पाहिलें नाहीं, इतकेंच.

झोर्की-४ च्या दोन खिडक्यांमधील पाया अवघा अडतीस मिलिमीटरचा आहे. फेड-२ चा सदुसष्ट. पाया आंखूड, भिंग मोठ्या छिद्राचें, आणि माणूस एक मीटरवर. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे जुळणींतील केसाएवढी चूक चेहऱ्याएवढी होते. यंत्र नीट जुळलेलें असेल तर झोर्कीही चांगलेंच काम देतो. पण तो पन्नास वर्षांहून अधिक वयाचा म्हातारा असतो, व त्याची प्रकृति तपासल्यावांचून त्याच्या भिंगाच्या कीर्तीवर भुलणें हा आमचा दोष होय.

हा शोध पुरा होऊन आम्ही दुसरें रीळ आणण्याच्या विचारांत होतों, तोंच २०१८ च्या जानेवारींत मावशी ख्रिस्तवासी झाल्या. तीन दिवसांचा ताप आला, तेवढेंच निमित्त.

घरीं येऊन आम्हीं तें रीळ पुन्हां उजेडापुढें धरलें. शेवटचें, पायरीवरचें, चित्र मात्र स्पष्ट होतें. एफ् ११ वर सहा मीटरचें अंतर धरलें असतां सुमारें साडेतीन मीटरपासून पंचवीस मीटरांपलीकडेपर्यंत सारें स्पष्ट येतें. आमच्या यंत्राची चूक त्या विस्तारांत बुडून गेली होती. अंगण, तुळई, दाराशीं ठेविलेली बादली, आणि मध्यें पायरीवर मावशी. फिल्मवर त्यांचा चेहरा मोहरीच्या दाण्यापेक्षां फारसा मोठा नव्हता. शहरांतील दुकानांतून तो भाग जितका वाढवितां येईल तितका वाढवून आणला. दाणे फुटून चेहरा वाळूनें काढल्यासारखा झाला आहे. पण तो त्यांचाच आहे, व त्या हंसत आहेत. त्याखालीं आम्हीं त्यांचें संपूर्ण नांव, जन्माचें व मृत्यूचें वर्ष आणि दवाखान्यांतील सेवेचीं वर्षें लिहिलीं. मंदिराच्या लहान खोलींत तें लाविलेलें आहे. त्यांच्या हातांत तें देतां आलें नाहीं.

त्या उन्हाळ्यांत आम्हीं झोर्की दुसऱ्या एका विक्रेत्यास, दोष सांगून, कमी दरानें दिला व एक फेड-२ घेतला. या खेपेस फीत व पारदर्शक कागद बरोबर घेऊनच गेलों. दुकानांतले लोक हंसले. ज्युपिटर भिंग आम्हीं ठेवून घेतलें होतें. मळसूत्र एकच असल्यानें तें फेडवर चढलें, आणि कागदावर पुस्तकाची कड लख्ख उमटली. तेव्हां दोष भिंगाचा नसून जुन्या कॅमेऱ्याच्या अंगाचा होता हेंही सिद्ध झालें. (हींच सोविएत भिंगें खऱ्या लायकावर चढविलीं असतां जवळच्या अंतरावर थोडीं चुकतात, असा अनुभव पुष्कळांनीं नोंदविला आहे, पण ती चिंता लायका असणाऱ्यांनीं करावी.)

आतां त्या मुलाच्या कागदाकडे वळूं. आम्हीं त्याला पहिली गोष्ट सांगितली ती ही कीं, आजोबांच्या पैशांतील निम्मेच कॅमेऱ्यावर घालावे. एका रिळास हल्लीं हजाराच्या आंतबाहेर पडतात, धुण्याचे निराळे. आणि दहा रिळें जाळल्यावांचून हात बसत नाहीं. त्याच्या कागदावर दोन भिंगें होतीं, त्यांतील एक आम्हीं खोडलें. पन्नासच्या आसपासचें एक भिंग वर्षभर वापरल्यावर त्याला स्वतःलाच कळेल कीं दुसरें हवें कीं नको. प्रकाशमापक कॅमेऱ्यांत नसला तरी चालेल; लख्ख उन्हांत छिद्र एफ् १६ व वेग फिल्मच्या अंशाएवढा, म्हणजे चारशेंच्या फिल्मला सेकंदाचा सुमारें पांचशेंवा भाग, हा जुना नियम पाठ करावा, आणि अडल्यास मोबाईल आहेच.

त्याचें मन याशिकावर अधिक होतें. १९६६ सालीं निघालेला तो कॅमेरा खरोखरच देखणा आहे, आणि त्याचा शटर इतका हलका वाजतो कीं प्रार्थनेंतही कोणाची मान वळूं नये. पण तो विजेवर चालतो. त्याचा मूळचा ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आतां निघत नाहीं. दुसरा सेल जोड लावून बसवावा लागतो, आणि सेल नसला तर शटर एकाच वेगानें चालतो. आंतलें विजेचें अंग बिघडलें तर गांवचा घड्याळजी हात लावीत नाहीं. फेड वा झोर्की संपूर्ण यांत्रिक. बिघडले तरी दुरुस्त होऊं शकतात. मात्र त्यांची एक तऱ्हा सांभाळावी लागते: फिल्म पुढें सरकवून शटर ताणल्यावांचून वेगाची चकती फिरवूं नये. आणि यांत भिंगामागें आरसा नसल्यामुळें कॅमेरा टोपण काढून उन्हांत सूर्याकडे तोंड करून ठेवला तर, भिंगानें कागद जाळतात तसें, कापडी पडद्यास भोंक पडतें. घेतांना भिंग काढून पडदा उजेडापुढें धरावा. चांदणी दिसली तर कॅमेरा परत करावा.

आपल्याकडील पावसाळ्याचें एक निराळेंच दुखणें आहे, तें म्हणजे बुरशी. भिंगांतून विजेरीचा झोत आरपार टाकून पाहावें. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर किंमत कितीही कमी असो, त्या भिंगाच्या वाटेस जाऊं नये. तें आपल्या इतर भिंगांसही तीच देणगी देतें. आमचा फेड जूनपासून ऑक्टोबरपर्यंत घट्ट झांकणाच्या डब्यांत, ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्यांसह राहतो. चामड्याच्या पिशवींत ठेवूं नये. ती पिशवीच बुरशीचें माहेर आहे.

हें सारें ऐकून तो मुलगा जरा हिरमुसला. कागदाची घडी घालीत म्हणाला, "सर, पण मग घेऊं कोणता?" आम्हीं त्यास सांगितलें, नांव ठरवूं नकोस, एक मीटरवर जो खरें बोलेल तो घे.

पुढच्या शनिवारीं शाळा सुटल्यावर तो आमच्या खोलींत आला. आईची फीत त्यानें आणली होती, कागदही होता. आमच्या फेडवर त्यानें चारदां प्रयोग केला. पहिल्या वेळीं कागद उलट्या अंगानें चिकटला, नंतर जमलें. मग दोन रविवार तो वडिलांबरोबर मुंबईस जाऊन आला. पांच कॅमेरे तपासले, पांचही नाकारले, असें त्याचे वडील परवां थोडे वैतागून सांगत होते. अद्याप त्यानें खरेदी केलेली नाहीं.